घरखरेदीपूर्व वाळवी तपासणी

जुने घर विकत घेण्याआधी त्याच्या लाकडाला वाळवी, भुंगेरे वा इतर कीड लागली आहे का, हे पाहण्याची पद्धत. भारतात ती कायद्याने सक्तीची नाही. कोकण-गोव्यातल्या कौलारू घरांत मात्र छपराचा सारा भार आढे, तुळया, वासे आणि रिपांवर असतो, त्यामुळे तिथे ही पाहणी टाळणे धोक्याचे.

जमिनीतली वाळवी मातीच्या नळ्या बांधत वर चढते. म्हणून सुरुवात जोत्यापासून करतात : पडवीचे खांब, चौकटींचे पाय, न्हाणीघराची ओली भिंत, भिंतीलगत रचलेली लाकडे. नळी थोडी फोडून काही दिवसांनी पुन्हा पाहावी. ती बुजलेली दिसली तर वाळवी जिवंत आहे. तशीच राहिली तरी निर्धास्त होऊ नये, कारण वाळवीने वाट बदललेली असू शकते. पहिल्या पावसानंतर खिडकीत, दिव्याखाली गळून पडलेले वाळवीचे पंखही महत्त्वाचे.

वाळवी लाकूड आतून पोखरते आणि वरचा पापुद्रा राखते. त्यावर नवा रंग दिला की काहीच दिसत नाही. त्यामुळे जाणता सुतार लाकूड ठोकत जातो आणि पोकळ आवाज आला तिथे स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबतो. भिंतीत शिरलेली तुळयांची टोके हमखास राहून जातात, आणि गळक्या कौलांची ओल नेमकी तिथेच मुरते. बंद माळा उघडून दाखवल्याशिवाय बयाणा देऊच नये.

एक-दोन मिलिमीटरची भोके आणि खाली मैद्यासारखी भुकटी दिसली तर ते काम भुंगेऱ्यांचे. कोरड्या लाकडातल्या वाळवीची विष्ठा सहा कडांच्या बारीक दाण्यांसारखी असते. ‘सगळा साग आहे’ या शब्दावर विसंबू नये : सागाचा गाभा टिकतो, पण बाहेरचा फिकट थर किडतो.

अमेरिकेत घरकर्जासाठी अनेकदा ‘एनपीएमए-३३’ या, तिथल्या कीडनियंत्रण संघटनेच्या नमुन्यातला लाकडाच्या किडीचा अहवाल मागतात. त्यातही फक्त दिसणाऱ्या आणि पोहोचता येणाऱ्या भागांचीच नोंद असते. आपल्याकडे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, एरवी वेगळे ठरले नसेल तर, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि ग्राहकाला साध्या काळजीने न दिसणारा मोठा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. उभ्या इमारतीतल्या वाळवीवरील उपचार भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात दिले आहेत. मात्र पोखरलेला वासा औषधाने पुन्हा भक्कम होत नाही. तो बदलण्याचा खर्च किंमत ठरवतानाच धरावा.