नवा कर्नल, जुना मोडेम: ड्रायव्हर का तुटतो याची पार्श्वभूमी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईच्या टीटीसी पट्ट्यात, म्हणजे तुर्भे, पावणे, महापे, रबाळे इथल्या कारखान्यांत, पॅनेलशेजारी एखादा लिनक्सचा डबा आणि त्याला लावलेला मोडेम आजही सापडतो. जनरेटरचे रीडिंग पाठवणे, वीजमीटर वाचणे, सांडपाण्याचे आकडे सर्व्हरवर चढवणे ही त्याची कामे. कुणी हात लावत नाही तोवर तो बिनबोभाट चालतो. मग कधीतरी सिस्टीम अपडेट होते, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ४ वरून ६ वर जातो आणि मोडेम दिसेनासा होतो. दोष मोडेमला दिला जातो, नाहीतर सिमला. पण पहिला प्रश्न असायला हवा तो हा की या मोडेमच्या ड्रायव्हरचा, म्हणजे कर्नलला मोडेम हाताळायला शिकवणाऱ्या प्रोग्रॅमचा, कोड राहतो कुठे. लिनक्सच्या मुख्य कोडमध्ये असलेला ड्रायव्हर कर्नलसोबत दुरुस्त होत जातो. कंपनीच्या सीडीवरचा किंवा झिप फाइलमधला ड्रायव्हर ज्या कर्नलसाठी लिहिला त्याच्यापुरताच असतो.

व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. ठाणे आणि नवी मुंबई एमटीएनएलच्या मुंबई क्षेत्रात, ०२२ कोडखाली, त्यामुळे इंटरनेटसाठी मोडेमने मुंबईचा नंबर फिरवला तरी इथून लोकल कॉल लागायचा. त्या काळचा बाहेरचा मोडेम सिरियल पोर्टला जोडलेला असे. आवाजाचे आकड्यांत आणि आकड्यांचे आवाजात रूपांतर, चुका दुरुस्त करणे, एटी कमांड (मोडेमला द्यायचे मजकुरी हुकूम) समजून घेणे, हे सगळे त्या डब्यातच होई. कर्नलला फक्त सिरियल पोर्ट दिसायचा, म्हणून मोडेमचा ड्रायव्हर असा नसेच. असा मोडेम आजच्या ६ मालिकेतील कर्नलवरही चालतो. नव्या मशीनला सिरियल पोर्ट नसेल तर यूएसबी-सिरियल केबल लावायची. त्यांतल्या नेहमीच्या चिप्सचे ड्रायव्हर, म्हणजे पीएल२३०३, एफटीडीआय, सीएच३४१ आणि सीपी२१०एक्स, सगळे मुख्य कर्नलमध्ये आहेत.

पीसीआय स्लॉटमधल्या खऱ्या हार्डवेअर मोडेमला मात्र एक खोडी जडलेली आहे. तो कर्नलला पाचवा सिरियल पोर्ट म्हणून, टीटीवायएस४ या नावाने, मिळू शकतो. पण लिनक्सचे बरेच वितरक कर्नल बांधताना पोर्टांची संख्या ४ वर थांबवतात. कार्ड पीसीआयच्या यादीत दिसते आणि पोर्ट तयार होत नाही. बूटच्या ओळीत ८२५० या सिरियल पोर्टच्या मॉड्यूलच्या (मॉड्यूल म्हणजे कर्नलला जोडायचा कोडचा तुकडा) एनआर-युआर्ट्स या पर्यायाला ८ ही किंमत दिली की काम होते. ड्रायव्हर शोधत बसण्याआधी हे पाहावे.

खरी गुंतागुंत विनमोडेमपासून सुरू झाली. स्वस्त मोडेम बनवण्यासाठी कंपन्यांनी आतली प्रोसेसिंगची चिप काढून तिचे काम संगणकाच्या प्रोसेसरवर ढकलले. ५६ के वेगाचे व्ही.९० हे मानक १९९८ मध्ये आले आणि असेंबल केलेल्या संगणकांत हीच कार्डे भरली गेली. त्यांचे दोन प्रकार होते. ल्यूसेंटच्या एलटी जातीत कंट्रोलर नव्हता, पण सिग्नलची चिप शिल्लक होती. पीसीटेल, स्मार्ट लिंक आणि कोनेक्संटचे एचएसएफ यांत तीही नव्हती. लाइनवरचा आवाज उलगडणारा कोड कंपनीची बंद मालमत्ता असल्यामुळे लिनक्ससाठी दोन तुकड्यांचे पॅकेज मिळे: एक बंद, आधीच कंपाइल केलेली फाइल आणि तिला कर्नलशी जोडणारा उघड्या कोडचा पातळ थर. कर्नल बदलला की हा थर पुन्हा बांधावा लागे.

कोनेक्संटच्या चिपसाठी लिनक्संट ही कंपनी ड्रायव्हर विकायची. फुकट आवृत्तीचा वेग १४.४ केबीपीएसवर अडवलेला असे. २००४ मध्ये लक्षात आले की या ड्रायव्हरच्या परवान्याच्या ओळीत जीपीएल (लिनक्सचा खुला परवाना) या अक्षरांनंतर एक शून्य बाइट घातला आहे. कर्नल शून्य बाइटपाशी वाचन थांबवतो, म्हणून त्याला मॉड्यूल खुल्या परवान्याचे वाटे. पुढे लिहिलेला खुलासा त्याच्या नजरेस पडतच नसे. वापरणाऱ्यांना बंद मॉड्यूलबद्दलच्या इशाऱ्यांचा त्रास होऊ नये म्हणून हे केले, असे कंपनीचे म्हणणे होते. कर्नल लिहिणाऱ्यांना ते पटले नाही, आणि पटावे तरी का? बंद कोडमुळे कर्नल कोसळला तर दोष शोधायचा कुणी, हेच तर त्या इशाऱ्यावरून ठरत होते.

लिनक्समध्ये वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमना दिलेला शब्द पाळला जातो. पंधरा वर्षांपूर्वी कंपाइल केलेला प्रोग्रॅम नव्या कर्नलवर चालायला हवा, हा तिथला कडक नियम आहे. कर्नलच्या आतल्या फंक्शनना असे कोणतेही संरक्षण नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ही भूमिका कर्नलच्या कागदपत्रांत सविस्तर मांडली आहे. आतली रचना सुधारायला मोकळीक हवी, आणि ती बदलणाऱ्यानेच मुख्य कोडमधले सगळे ड्रायव्हर त्यासोबत दुरुस्त करायचे. बाहेरच्यांनी आपले आपण पाहावे.

या मोकळिकीची किंमत मोडेमवाल्यांनी टप्प्याटप्प्याने मोजली. डिसेंबर २००३ मध्ये २.६ आले, मॉड्यूलचा साचा बदलला आणि २.४ साठीची सगळी पॅकेजे बाद झाली. २.६.१९ मध्ये इंटरप्ट हाताळणाऱ्या फंक्शनचा एक आर्ग्युमेंट काढला गेला. ४.१५ मध्ये टायमर लावण्याची जुनी पद्धत गेली. मोडेमच्या ड्रायव्हरमध्ये टायमर पदोपदी लागतात, त्यामुळे हा घाव मोठा होता. ५.० मध्ये वापरकर्त्याची मेमरी तपासणाऱ्या फंक्शनचा पहिला आर्ग्युमेंट गेला, ५.६ मध्ये प्रॉक फाइलींची रचना वेगळी झाली आणि ६.४ मध्ये क्लास बनवणाऱ्या फंक्शनमधून मालकाचा आर्ग्युमेंट निघाला. यातला प्रत्येक बदल दोन ओळींत निस्तरता येतो, पण तो निस्तरणारा माणूस त्या पॅकेजच्या मागे असावा लागतो.

म्हणून चूक नीट वाचावी. 'मॉड्यूलचे स्वरूप अवैध' किंवा 'सिम्बॉलच्या आवृत्तीबाबत मतभेद' अशा अर्थाचा संदेश आला तर मॉड्यूल दुसऱ्या कर्नलसाठी बांधलेले आहे. चालू कर्नलचे हेडर (कंपाइल करताना लागणाऱ्या त्याच्या फाइली) टाकून पुन्हा कंपाइल केले की बहुधा भागते. हेडरची आवृत्ती 'युनेम -आर' ही कमांड जे दाखवते त्याच्याशी अक्षरशः जुळली पाहिजे. कंपाइल करतानाच 'आर्ग्युमेंट जास्त' किंवा 'फंक्शन घोषित नाही' असे आले तर कोडच जुना आहे, हेडर कितीही बदलले तरी उपयोग नाही. 'की नाकारली' असे आले तर कोड आणि कंपाइल दोन्ही ठीक, पण सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड चालू देणारी मशीनची सुरक्षा) चालू असल्यामुळे सही नसलेले मॉड्यूल अडवले गेले आहे. अशा वेळी स्वतःची सहीची की बनवून मोकयुटिल या कमांडने नोंदवायची आणि रीस्टार्टनंतर येणाऱ्या निळ्या पडद्यावर ती मान्य करायची. दूर ठेवलेल्या डब्यावर हे करता येत नाही, समोर कीबोर्ड लागतो. डेलमध्ये तयार झालेले डीकेएमएस हे साधन प्रत्येक नव्या कर्नलला मॉड्यूल आपोआप बांधून देते. मात्र ते फक्त बांधते, जुना कोड दुरुस्त करत नाही. डीकेएमएस आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांची फसगत इथेच होते.

स्मार्ट लिंकची गोष्ट मात्र वेगळी निघाली. त्यांचा बंद कोड वापरकर्त्याच्या बाजूला, एका डीमनमध्ये, म्हणजे मागे चालत राहणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, होता. एसी९७ जातीच्या लॅपटॉप मोडेमसाठी कर्नलची बाजू अल्साच्या (लिनक्सच्या ध्वनिप्रणालीच्या) इंटेल८एक्स०एम ड्रायव्हरने सांभाळली आणि तो मुख्य कोडमध्ये आहे. ड्रायव्हर आत आणि बंद कोड बाहेर अशी वाटणी झाल्यामुळे हा मोडेम बाकीच्यांपेक्षा जास्त टिकला. बंद फाइल ३२ बिटची आहे, एवढे लक्षात ठेवून ६४ बिटच्या मशीनवर ३२ बिट लायब्ररी टाकाव्या लागतात.

२००५ मध्ये एमटीएनएलचे ट्रायबँड हे ब्रॉडबँड आले. एडीएसएलच्या (फोनच्या तारेवरून ब्रॉडबँड देणाऱ्या पद्धतीच्या) ज्या मोडेमला यूएसबी आणि इथरनेट असे दोन्ही पोर्ट असत, त्याचा इथरनेट वापरला की ड्रायव्हरचा प्रश्नच मिटायचा.

मग आले डोंगल. ह्युआवेई आणि झेडटीईचे थ्रीजी डोंगल मशीनला लावले की आधी सीडी ड्राइव्ह म्हणून उभे राहतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्या पोटातच असतो. त्यांना मोडेम बनवायला यूएसबीवरून एक संदेश धाडावा लागतो. हे काम योजुआ डीत्झे यांच्या यूएसबी-मोडस्विचने केले. ह्युआवेईच्या कित्येक डोंगलचा आयडी आधी १२डी१:१४४६ असतो आणि स्विच झाल्यावर १२डी१:१००१ किंवा त्यासारखा होतो. यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या 'एलएसयूएसबी'मध्ये १४४६ च दिसत राहिला तर कर्नलचा संबंध नाही. नव्या इन्स्टॉलमध्ये मोडस्विच आणि त्याच्या डेटाचे पॅकेज टाकायचे राहिले आहे. बऱ्याच झेडटीई डोंगलना सीडी 'इजेक्ट' करूनही मोडेम बनवता येते, तपासायला ही युक्ती पुरते. पुढच्या हायलिंक जातीचे डोंगल स्वतःच राउटर होतात, सीडीसी-इथर ड्रायव्हरने इथरनेट कार्ड म्हणून दिसतात आणि १९२.१६८.८.१ वर त्यांचे पान उघडते. त्यांच्यात टीटीवाययूएसबी (यूएसबीवरचा सिरियल पोर्ट) शोधत बसू नये.

स्विच झाल्यावर पोर्ट बनवतो तो 'ऑप्शन' ड्रायव्हर. माथियास उर्लिख्स यांनी तो २००५ मध्ये लिहिला. त्याआधी लोक यूएसबीसिरियलच्या सर्वसाधारण ड्रायव्हरलाच डोंगलचा आयडी द्यायचे. तो चालतो, पण वेग पडतो, आणि आता कर्नल स्वतःच सांगतो की हा ड्रायव्हर फक्त चाचणीसाठी आहे. तरीही जुन्या मार्गदर्शकांतून ती ओळ अजून नक्कल होत राहते.

ऑप्शनच्या यादीत नसलेला आयडी सिसएफएसमधल्या (कर्नलच्या सेटिंग दाखवणाऱ्या फोल्डरातल्या) 'न्यू-आयडी' फाइलीत लिहून तात्पुरता चढवता येतो. इथे मोठा घोळ होतो. क्वेक्टेल कंपनीचा ईसी२५ हा एलटीई मोडेम घ्या, आयडी २सी७सी:०१२५. त्याचे इंटरफेस ० ते ३ सिरियल आहेत: निदान, जीपीएस, एटी कमांड आणि डायल, या क्रमाने. म्हणून एटी कमांड टीटीवाययूएसबी२ वर चालतात. इंटरफेस ४ नेटवर्कचा आहे आणि तो क्यूएमआय-डब्ल्यूवॅन या नेटवर्क ड्रायव्हरला मिळायला हवा. मुख्य कर्नलमधल्या यादीत ऑप्शनला ४ वर्ज्य केलेला आहे. हाताने चढवलेल्या नव्या आयडीला असे बंधन नसते, त्यामुळे ऑप्शन पाचही इंटरफेस बळकावू शकतो. तसे झाले तर पोर्ट पाच दिसतात आणि डब्ल्यूवॅन० हे नेटवर्क मात्र नाही. म्हणून कर्नलला ज्ञात असलेल्या मोडेमला जुन्या स्क्रिप्टमधून न्यू-आयडी देण्याची ओळ काढून टाकावी.

क्यूएमआय-डब्ल्यूवॅन ब्योर्न मोर्क यांनी लिहिला आणि तो २०१२ मध्ये ३.४ सोबत मुख्य कोडमध्ये आला. ३.८ मध्ये एमबीआयएम या दुसऱ्या मोडेम पद्धतीचा आधार मिळाला. त्याआधी मोडेम मॉड्यूल विकणारे गोबीनेटसारखे बाहेरचे ड्रायव्हर देत, आणि टीटीसीमधल्या बऱ्याच जुन्या डेटा लॉगरमध्ये तेच अडकलेले असते. नव्या कर्नलवर ते कंपाइल करण्याची खटपट करू नये. ते काढून क्यूएमआय-डब्ल्यूवॅन आणि मोडेममॅनेजर (मोडेम जोडून देणारी लिनक्सची सेवा) लावावा. इथे एक पायरी हमखास चुकते. ईसी२५ सारख्या एलटीई मोडेमना 'रॉ आयपी' (इथरनेटच्या आवरणाविना डेटा पाठवण्याची) पद्धत लागते. तिचा पर्याय क्यूएमआय-डब्ल्यूवॅनमध्ये ४.५ पासून आहे. इंटरफेस बंद करून तो पर्याय 'होय' करायचा आणि मग इंटरफेस चालू करायचा. मोडेममॅनेजर हे आपोआप करतो. हाताने लिहिलेल्या स्क्रिप्ट करत नाहीत, आणि मग कनेक्शन 'झाले' असे दिसते पण आयपी पत्ता येत नाही.

लॅपटॉपमधल्या पीसीआयई मोडेमसाठी ५.१३ मध्ये वेगळी डब्ल्यूवॅन उपप्रणाली आली. त्यात मोडेम ओळखला जाऊनही रेडिओ बंदच राहिला तर एफसीसी लॉक (मोडेमचा रेडिओ अडवून ठेवणारे कुलूप) पाहावे. मोडेममॅनेजरच्या अनलॉक स्क्रिप्ट पॅकेजसोबत येतात, पण त्या आपण एटीसीखालच्या त्याच्या फोल्डरमध्ये जोडल्याशिवाय चालत नाहीत.

कर्नलवर खापर फोडण्याआधी नेटवर्कही पाहावे. सीडीएमए या जुन्या मोबाइल तंत्राची सेवा बंद झाल्यापासून टाटा फोटॉन किंवा एमटीएसचे डोंगल कोणत्याही कर्नलवर निरुपयोगी आहेत. एअरटेलने २०२० पर्यंत थ्रीजी आवरले. जिओवर टूजी-थ्रीजी कधी नव्हतेच. म्हणजे निव्वळ थ्रीजीचा डोंगल एअरटेलच्या सिमवर टूजीला उतरतो आणि जिओच्या सिमवर नोंदणीच करत नाही. कर्नल तोच ठेवूनही हे घडते.

दोष नक्की कर्नलचा आहे का, हे पाहायला ग्रब या बूटच्या यादीतून आधीचा कर्नल बूट करून दोन्ही वेळच्या 'डीमेसेज'ची (कर्नलच्या संदेशांची) तुलना करावी. ओळखीच्या ओळी दोन्हीत सारख्या आणि तरी स्क्रिप्ट अडकत असेल तर बहुधा पोर्टचे क्रमांक सरकलेले असतात: काल जे टीटीवाययूएसबी२ होते ते आज टीटीवाययूएसबी३. स्क्रिप्टमध्ये क्रमांकाऐवजी सिरियल फोल्डरातल्या 'बाय-आयडी'खालचे स्थिर नाव घालावे. पोर्ट उघडताच 'व्यस्त आहे' असा संदेश आला तर तो बहुधा मोडेममॅनेजरने तपासणीसाठी धरलेला असतो. मीटर किंवा लॉगरच्या पोर्टला युडेव्ह (उपकरणांना नावे आणि खुणा देणारी सेवा) नियमात आयडी-एमएम-डिव्हाइस-इग्नोर ही खूण १ करून ठेवली की मोडेममॅनेजर त्याला हात लावत नाही.