स्पीकरच्या दोन्ही वायरी सारख्याच लांबीच्या लागतात? नाही हो!

भाड्याच्या घरात होम थिएटर लावताना हमखास ऐकू येतं की डाव्या-उजव्या स्पीकरची वायर एकाच मापाची हवी नाहीतर एका बाजूचा आवाज उशिरा येतो, आणि मग उरलेली चार-पाच मीटर वायर गुंडाळी करून टीव्हीमागे कोंबतात. हे चुकीचंय. वायरमधून सिग्नल सेकंदाला साधारण 2 लाख किमी जातो, 5 मीटर जास्त वायरीने फरक पडतो 25 नॅनोसेकंदांचा, तेवढ्यात आवाज हवेत केसाच्या जाडीइतकाही सरकत नाही. तुम्ही सोफ्यावर जरा सरकलात तरी याहून कितीतरी जास्त फरक पडतो!

रेझिस्टन्स, म्हणजे वायरीचा विजेला होणारा अडथळा म्हणाल तर 1.5 स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरीत तेवढ्या लांबीने जेमतेम 0.12 ओहम वाढतो, 8 ओहमच्या स्पीकरला काहीच नाही.

म्हणून बिनधास्त लागेल तेवढीच कापा, स्कर्टिंगच्या टाइलवरून पीव्हीसी पट्टीत घालून न्या. पट्टीचा डबल टेप टाइलवरच चिकटवा, रंगावर नको, काढताना पापुद्रा निघतो आणि डिपॉझिट कापलं जातं. प्लस-मायनस मात्र नीट बघा, एका स्पीकरचं उलटं लागलं की बेस गायब होतो.