लेखन कार्यशाळा

लेखन कार्यशाळा : होतकरू लेखकांनी आपले कच्चे लेखन एका लहान गटापुढे ठेवायचे, इतरांनी ते आधीच वाचून येऊन त्यावर बोलायचे आणि अनुभवी मार्गदर्शकाने ती चर्चा लेखकाच्या कामी येईल अशी चालवायची, या रीतीने होणारे शिक्षण. व्याख्यानमाला किंवा लेखक-भेटीचा कार्यक्रम यांहून कार्यशाळा वेगळी ठरते ती एका गोष्टीमुळे : इथे पाठ्यपुस्तक म्हणजे सहभागी लेखकांचीच पाने. बऱ्याच कार्यशाळा लेखन छापून येण्यापर्यंतची वाटही शिकवतात, आणि येणारे बहुतेक जण त्याच ओढीने येतात.

चित्रकार कलाशाळेत जातो, गायक गुरूपुढे बसतो. लेखक मात्र उपजतच असावा लागतो, हा समज जुना आहे. त्याला पहिला मोठा छेद गेला तो विद्यापीठांतून. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज पीअर्स बेकर नाट्यलेखनाचा वर्ग घेत; पुढे नाटककार म्हणून गाजलेले यूजीन ओनील १९१४-१५ मध्ये त्या वर्गात होते. लेखकांना शिक्षण देणारी मॉस्कोची गॉर्की साहित्य संस्था १९३३ची. अमेरिकेतीलच आयोवा विद्यापीठाची कार्यशाळा १९३६मध्ये सुरू झाली आणि १९४१पासून कवी पॉल एंगल यांच्या हाती तिला जे रूप आले, त्याचेच अनुकरण पुढे जगभर झाले. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७०मध्ये असा अभ्यासक्रम काढला, तेव्हा पहिल्या वर्षी विद्यार्थी आला एकच : पुढे कादंबरीकार म्हणून नावाजलेला इअन मॅक्यूअन.

आयोवा पद्धतीचा गाभा साधा आहे. गट दहा-पंधरा जणांचा. कथा किंवा प्रकरण काही दिवस आधी सर्वांच्या हाती पडते. प्रत्येक जण समासात खुणा करून येतो. चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसायचे. कारण कथा छापून आल्यावर लेखक वाचकाशेजारी बसून खुलासे करणार नसतो. जे कागदावर उतरलेले नाही ते नाहीच. हा नियम पहिल्यांदा सोसणे फार जड जाते, पण त्यातून मिळणारा धडा दुसऱ्या कशातून मिळत नाही.

तरीही या मौनावरचे आक्षेप रास्त आहेत. गटातल्या बहुसंख्यांना अनोळखी असलेल्या जगाविषयी कोणी लिहिले, की चर्चा कथेवर न होता त्या जगाच्या खुलाशावर घसरते, आणि ज्याला बोलायला हवे तोच गप्प असतो. नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांनी १९९०च्या सुमारास घडवलेली प्रतिसाद-पद्धत इथे उपयोगी पडते. तीत आधी श्रोते आपल्याला काय भिडले ते सांगतात, मग कलावंत स्वतः प्रश्न विचारतो, त्यानंतर श्रोते मत न लादणारे प्रश्न विचारतात, आणि मत द्यायचे ते सर्वांत शेवटी, तेही कलावंताची परवानगी घेऊन. नवशिक्यांच्या गटाला हीच पद्धत अधिक मानवते, कारण पहिल्याच बैठकीत उमेद खचलेला माणूस दुसरा खर्डा लिहीत नाही.

चांगली चर्चा कशी असते ते एका उदाहरणातून पाहता येईल. समजा, जोडीदाराच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या रात्रीविषयी कोणी लिहिले आहे : ‘तिला खूप एकटे वाटले. घर खायला उठले.’ ‘हे घासून गुळगुळीत झालेले आहे’ असे म्हणून वाचक थांबला, तर लेखकाच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी कोणी विचारले, ‘त्या रात्री तिने अंथरूण कसे घातले?’ पुढच्या खर्ड्यात येते : ‘सवयीने तिने दोन उशा ठेवल्या. मग एक उचलून कपाटात टाकली. थोड्या वेळाने उठून ती परत आणली.’ एकटेपणा हा शब्दही न येता ती रात्र वाचकाला दिसते. दुरुस्ती सुचवणे हे मार्गदर्शकाचे काम नव्हेच. लेखकाला स्वतःचेच पान पुन्हा पाहायला लावणारा प्रश्न त्याला सापडला पाहिजे.

कार्यशाळेत सर्वांत जास्त शिकून होते ते मात्र दुसऱ्याचे लेखन वाचताना. कथा खरी सुरू होते ती तिसऱ्या पानावर, हे परक्याच्या कथेत चटकन दिसते. आपल्या कथेत ते दिसायला वर्ष लागते. दहा जणांचे खर्डे मनापासून वाचलेला माणूस आपली पहिली दोन पाने काढून टाकायला सहज तयार होतो.

प्रकाशनाची बाजू हा वेगळा विषय आहे आणि तो वेगळाच शिकवावा लागतो. मासिकाचे जुने अंक वाचून मगच तिथे कथा पाठवणे, शब्दमर्यादा पाळणे, ओळींत आणि समासात जागा सोडून पानांवर क्रमांक घालणे, सोबतचे पत्र चार-पाच ओळींत संपवणे, कादंबरीचा गोषवारा शेवट न लपवता लिहिणे, एकच कथा एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवलेली चालते का ते आधी पाहणे, या गोष्टी किरकोळ दिसतात. पण न मागवता आलेल्या हस्तलिखितांच्या ढिगातून वाट काढणाऱ्या संपादकाच्या लेखी त्या किरकोळ नसतात. पुस्तकाच्या करारात स्वामित्वधन (रॉयल्टी) किती, अनुवादाचे व दृक्‌श्राव्य हक्क कोणाकडे, पुस्तक बाजारात मिळेनासे झाले तर हक्क परत कधी, हेही तिथेच शिकवायला हवे.

छापून आणण्याची हमी कोणतीही कार्यशाळा देऊ शकत नाही. जी शुल्काबरोबर पुस्तकाचेही वचन देते, ती बहुधा लेखकाच्याच खर्चाने छपाई विकत असते. तो मार्ग उघड सांगून पत्करला तर त्यात गैर काही नाही. निवड झाल्याचा आभास निर्माण करून तो गळ्यात घातला, तर ती फसवणूक होय.

क्लॅरियन ही विज्ञानकथा व अद्भुतकथा लिहिणाऱ्यांची सहा आठवड्यांची कार्यशाळा अमेरिकेत १९६८मध्ये सुरू झाली. पुढे विज्ञानकथाकार म्हणून नावाजलेल्या ऑक्टेव्हिया बटलर १९७०मध्ये तिथे गेल्या आणि त्यांच्या दोन कथा विकल्या गेल्या. एक पुढच्याच वर्षी कार्यशाळेच्या कथासंग्रहात आली. आपण मार्गी लागलो असे त्यांना वाटले. त्यानंतर पाच वर्षे नकारांच्या चिठ्ठ्या आणि पोटासाठीच्या फुटकळ नोकऱ्या वाट्याला आल्या, एक शब्दही विकला गेला नाही. पहिली कादंबरी निघाली १९७६मध्ये. होतकरू लेखकांना ही पाच वर्षे आवर्जून सांगावीत, कारण बहुतेकांचे लिहिणे सुटते ते अशाच काळात.

म्हणून जाणते मार्गदर्शक शेवटच्या बैठकीत प्रत्येकाला एक वही आखायला लावतात. रकाने पाच : कथा, कोठे पाठवली, कोणत्या तारखेला, उत्तर काय आले, आणि परत आल्यास पुढचा पत्ता. पाचवा रकाना कथा पहिल्यांदा पाठवण्यापूर्वीच भरायचा असतो, म्हणजे ‘साभार परत’चा शेरा आला त्या संध्याकाळी नव्याने काही ठरवावे लागत नाही, वहीत पाहून कथा पुढे रवाना करायची.