गोरा पाद्री दिसला की मिशनरी?

पुण्याच्या कॅम्पात सेंट मेरीज चर्चसमोर उभं राहून "हे मिशनऱ्यांनी बांधलं" असं सांगणारे लोक इतके भेटलेत, की हल्ली मी मोजत नाही. हे चर्च १८२५ साली बिशप हेबर यांच्या हस्ते प्रार्थनेसाठी अर्पण झालं. छावणीतल्या गोऱ्या फौजेला रविवारी बसायला जागा हवी होती, म्हणून ते उभं राहिलं. पुणेकरांना बाटवण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तिथला पाद्री मिशनरी नव्हता, तो होता चॅप्लेन, म्हणजे सरकारनं आपल्या फौजेसाठी आणि नोकरांसाठी नेमलेला पाद्री.

मिशनरी आपल्याला शाळेपासून माहीत आहे. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन होतं, मुंबईत जॉन विल्सन होते. तेच हे लोक. त्यात समजावण्यासारखं काही नाही. फादर आणि पास्टर यांच्या घोळातही मी वेळ घालवणार नाही. बायको-पोरं असली की प्रॉटेस्टंट, नसली की बहुधा कॅथलिक. पुढे चला.

खरी गोम आहे ती पगार कोण देतं यात. चॅप्लेन हा कंपनी सरकारचा नोकर. त्याला कंपनीचा पगार, कंपनीची रजा, कंपनीचं पेन्शन आणि कंपनीच्या हुकमावर बदली. त्याचा कळप म्हणजे पलटण, वखारीतले कारकून आणि त्यांची कुटुंबं. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची वही ठेवायची आणि तिची नक्कल लंडनला धाडायची. मुंबईचं सेंट थॉमस चर्च, ज्याच्यावरून चर्चगेट हे नाव पडलं, ते १७१८ साली उघडलं. ते उभं करणारे रिचर्ड कॉब असेच चॅप्लेन. त्या काळात मुंबईत प्रॉटेस्टंट मिशन नावाची चीजच नव्हती.

आणि इथेच ते दुसरं लाडकं वाक्य येतं, "कंपनीनं मिशनरी आणले." अहो, कंपनीला ते नकोच होते! धर्माला हात लावला की लोक बिथरतात आणि व्यापार बसतो, हा तिचा हिशेब. १८०६ साली वेल्लोरला शिपायांचा उठाव झाला, तेव्हापासून तर ही धास्ती फारच वाढली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे अमेरिकन कलकत्त्यातून हाकलले गेले आणि १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. इथेही हुकूम तोच, चालते व्हा. दोघे गुपचूप जहाजात बसून कोचीनपर्यंत गेले. तिथून त्यांना धरून परत आणलं. गव्हर्नर नेपियन मनानं मवाळ निघाले आणि त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटनं कंपनीची सनद नवी करताना मिशनऱ्यांना दार किलकिलं करून दिलं, म्हणून ते टिकले. याच मुंबईत तेव्हा कंपनीचा चॅप्लेन सरकारी पगारावर निवांत प्रवचन देत होता. दोघेही पाद्री, दोघेही प्रॉटेस्टंट, पण एकाला पगार आणि दुसऱ्याला हद्दपारीची नोटीस.

बाकीचे फरक यातूनच फुटतात. चॅप्लेनची उपासना इंग्रजीत, त्यामुळे मराठीवाचून त्याचं काही अडत नसे. मिशनऱ्याचे पैसे बॉस्टनहून किंवा स्कॉटलंडहून वर्गणीतून यायचे, त्याला तिकडे कामाचा हिशेब द्यावा लागे आणि काम सगळं बाजारात, शाळेत, गावोगाव. मराठी आली नाही तर तो संपलाच. म्हणून व्याकरणं, छापखाने, शाळा हे सगळं याच्या खात्यात. (गणपत कृष्णाजी याच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला होते आणि पुढे त्यांनी पंचांग छापलं. मिशनला हे पुण्य नक्कीच अपेक्षित नसावं.) शिव्याही त्याच्याच खात्यात. १८३९ मध्ये पारशी मुलांच्या बाप्तिस्म्यावरून मुंबई पेटली, प्रकरण कोर्टात गेलं, ते विल्सन यांच्यामुळे. चॅप्लेनवर चिडायला कुणाला कारणच नव्हतं.

मरणातही फरक दिसतो. सेंट थॉमसच्या भिंती साहेबलोकांच्या संगमरवरी पाट्यांनी भरल्यात. गॉर्डन हॉल १८२६ साली नाशिककडून परतताना पटकीनं वाटेतल्या एका गावात देवळाच्या ओट्यावर गेले. सोबतच्या दोन मुलांनी खड्डा खणून त्यांना पुरलं.

कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये गेलात तर बाकांकडे बघा, बंदुका टेकवायची सोय केलेली आहे. मिशनऱ्याच्या प्रार्थनाघरात बंदूक कोण आणणार?

"पण काही जण दोन्ही होते ना?" होते, आणि ते उदाहरण माझ्या तोंडावर फेकलं जाणार हे मला ठाऊक आहे. जॉन स्टिव्हन्सन स्कॉटिश मिशनचे म्हणून कोकणात आले, १८३३ साली त्यांचं मराठी व्याकरण निघालं आणि मग मिशन सोडून ते मुंबईत सरकारी चॅप्लेन झाले. त्यांना काय म्हणायचं? वर्ष सांगा, मग सांगतो.