गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन: 'रिचेकिंग' नेमकं कशाचं?

दहावी-बारावीचा निकाल लागला, की घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, "रिचेकिंगला टाकूया." पण महाराष्ट्र राज्य मंडळाकडे या नावाचा अर्जच नाही. तिथे आहेत गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन, आणि पहिला अर्ज भरून दुसऱ्याच्या निकालाची वाट बघणारे पालक काही कमी नाहीत.

गुणपडताळणी म्हणजे निव्वळ हिशेब. एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, आतल्या पानांवरचे गुण पहिल्या पानावर नीट उतरलेत का, बेरीज जुळते का. चौथ्या प्रश्नाला आत ३, २ आणि ४ दिलेत आणि बाहेर ७ लिहिलेत, तर ते इथे सापडतं. पण 'निबंधाला चारच का?' हा प्रश्न इथे विचारून उपयोग नाही. निबंध कुणी पुन्हा वाचतच नाही. अलीकडच्या वर्षांत विषयामागे ५० रुपये शुल्क आहे.

उत्तर पुन्हा वाचून गुण ठरवायचे, ते पुनर्मूल्यांकन. त्याला थेट अर्ज करता येत नाही. आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यायची, विषयाला ४०० रुपये. ती मिळाल्यापासून पाच कार्यालयीन दिवसांत अर्ज, आणखी ३००. म्हणजे एका विषयाला सातशे. माझ्या मते हा खर्च अन्यायाची शंका घेणाऱ्या गरीब घराला जड आहे, पण छायाप्रतीची अट मात्र योग्य आहे. पेपर न बघता घेतलेली शंका बहुतेक वेळा अपेक्षाभंगच असते.

ही वाट पूर्वी नव्हतीच. मंडळाच्या नियमात फक्त पडताळणी होती. उत्तरपत्रिका बघणं आणि पुनर्मूल्यांकन दोन्हींना साफ मनाई. पुण्यातलं हेच मंडळ आणि परितोष भूपेशकुमार शेठ असा खटला त्यावरून सर्वोच्च न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला होता. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून नियम कायम ठेवला. दार किलकिलं झालं ते २०११ मध्ये. सीबीएसई आणि आदित्य बंदोपाध्याय खटल्यात न्यायालयाने म्हटलं, की स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघता येते. बघण्याचा हक्क मिळाला; पुन्हा तपासून घेण्याचा नव्हे. तो ज्या-त्या मंडळाच्या नियमांवरच राहिला.

आता दहावीवाल्यांसाठी एक गोष्ट. टक्केवारी 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ने, म्हणजे सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवरून निघते. ज्या विषयाचे गुण त्या पाचांत धरलेच नाहीत, त्यात दोन वाढले तरी टक्के बहुधा हलत नाहीत. धरलेल्या पाचांपैकी कुठल्याही विषयात मात्र एक गुण म्हणजे पाचशेपैकी एक, ०.२ टक्के, अकरावीच्या कटऑफला तेवढ्यानेही कॉलेज बदलतं. तेव्हा छायाप्रत मागवायचीच, तर ती पाचांत धरलेल्या विषयाची मागवा आणि पुनर्मूल्यांकनाच्या अर्जासाठी मिळणाऱ्या पाच दिवसांतला पहिला दिवस विषयाच्या सरांकडे किंवा बाईंकडे घालवा.