चढावरची धाप आणि हृदयातला दाब

पणजीत आल्तिनोचा चढ चढताना धाप लागते, पलंगावर पडल्यावर काहीच नाही, इकोतही (हृदयाच्या सोनोग्राफीतही) ठोस दोष दिसत नाही. अशा रुग्णाला ‘वजन कमी करा’ एवढंच सांगून परत पाठवणं अन्यायाचं आहे. श्रम करवून हृदयातला दाब मोजण्याची सोय आहे, आणि ती कल्पनाही आजची नाही.

१९२९ मध्ये जर्मनीत वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्या हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी नेली. कुर्नां आणि रिचर्ड्स यांनी पुढे न्यूयॉर्कमध्ये तिला तपासणीचं रूप दिलं. १९५६ चं नोबेल तिघांना मिळालं. १९७० मध्ये स्वान आणि गँझ यांनी नळीच्या टोकाला फुगा बसवला. रक्ताबरोबर वाहत तो फुप्फुसाच्या धमनीत अडकतो आणि हृदयाच्या डाव्या बाजूचा दाब, म्हणजे वेज प्रेशर, दाखवतो.

खरा घोळ निकषांचा झाला. श्रमात फुप्फुसधमनीचा सरासरी दाब पाऱ्याच्या ३० मिमीच्या वर गेला की आजार, असं बरीच वर्षं मानलं जाई. पण धडधाकट माणसाचं हृदय मिनिटाला ५ ऐवजी १५ लिटर रक्त फेकू लागलं की त्याचाही दाब १८ वरून ३५ वर जाऊ शकतो. वयानुसार तर अधिकच. फुप्फुसधमनीच्या वाढलेल्या दाबावरच्या २००८ च्या डॅना पॉइंट परिषदेत हा निकष सोडून दिला. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत तो प्रवाहाशी जोडून परतला: मिनिटाचा प्रवाह एक लिटरने वाढला की दाबात ३ मिमीपेक्षा जास्त वाढ. वरच्या माणसात ती १.७ भरते. ५ वरून १० लिटरवर जाताना १८ चे ३८ झाले, तर ४, हा आजार. मग वेज पाहायचा. पडल्यापडल्या चालवायच्या आडव्या सायकलवर तो २५ वर गेला, तर दोष बहुधा डाव्या हृदयात.

चुका साध्या असतात, पण निदान फिरवतात. दाबमापकाच्या शून्याची पातळी छातीच्या निम्म्या जाडीवर हवी. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर आलेखावरच्या दाबाच्या लाटा बोथट होतात. धापेत श्वासागणिक दाब इतका हेलकावतो की अनेक श्वासांची सरासरी घेणंच बरं. पाय पेडलवर उचलतानाच दाब वाढतो, म्हणून तिथे वेगळी नोंद हवी. आणि शेवटचा वेज पेडल चालू असतानाच घ्यावा; पाय थांबले की तो भराभर उतरतो.