कपलिंग की क्रेन? डॉकिंग आणि बर्थिंगचा घोळ

१६ जानेवारी २०२५ ला इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेतले दोन उपग्रह, पाठलाग करणारा चेसर आणि ज्याला गाठायचं तो टार्गेट, अवकाशात एकमेकांना जोडले गेले. तेव्हापासून एक वाक्य मराठीत असं चिकटलंय की निघता निघत नाही: ‘एका यानाने रोबोटिक हाताने दुसऱ्याला पकडलं.’ स्पेडेक्सला हात नव्हता. चेसरला नव्हता आणि टार्गेटलाही नव्हता. हात होते ते त्याच पीएसएलव्ही-सी६० रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावर, म्हणजे पोएम-४ वर. त्यातला एक सुरवंटासारखा पाय टाकत सरकणारा आणि दुसरा तरंगता कचरा धरून बघण्यासाठीचा. रॉकेट एकच होतं, प्रयोग निराळे होते. बातमी देणाऱ्याने दोन्ही एका कढईत परतले.

घोळ फक्त स्पेडेक्सचा असता तर सोडून दिलं असतं. पण डॉकिंग, बर्थिंग आणि ‘उपग्रह पकडून आणणं’ हे तिन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. तेही नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये रोज क्रेन चालवणाऱ्या आणि टूलरूममध्ये मायक्रॉन मोजणाऱ्या लोकांकडून. खरं तर त्यांना हा फरक इतरांपेक्षा लवकर कळायला हवा, कारण दोन्ही गोष्टी त्यांच्या डोळ्यासमोरच्या आहेत.

डॉकिंग म्हणजे कसाऱ्याचं बँकर इंजिन. थळ घाट चढायला गाडीच्या मागे बँकर लागतात तेव्हा इंजिन हळूच येऊन टेकतं, कपलरचं ‘नकल’, म्हणजे वाकड्या बोटासारखा आकडा, त्या धक्क्यानेच मिटतं आणि कुलूप पडतं. धक्का नसेल तर कपलिंग नाही. डॉकिंगचंही तसंच. येणारं यान स्वतः चालत येतं, ठरलेल्या वेगाने टेकतं आणि त्या वेगातल्या जोरावर लॅच, म्हणजे खटके, पडतात. याला सॉफ्ट कॅप्चर म्हणतात. मग रिंग आत ओढली जाते, हुक बसतात आणि जोड पक्का होतो. डॉकिंगबद्दल एवढं पुरे, स्पेडेक्सच्या निमित्ताने ते बहुतेकांचं वाचून झालंय.

बर्थिंग म्हणजे ईओटी क्रेनने, म्हणजे शेडच्या छताखाली रुळांवर फिरणाऱ्या क्रेनने, डाय (प्रेसचा जड साचा) उचलून प्रेसच्या बेडवर बसवणं. डाय स्वतः काही करत नाही. हुक लागतो, डाय हळूहळू आणली जाते, डोवेल पिनांवर बसते आणि मग बोल्ट आवळले जातात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर सिग्नससारखं मालवाहू यान असंच बसतं. ते स्थानकापासून सुमारे १० मीटरवर येऊन थांबतं, १७.६ मीटर लांबीचा सात सांध्यांचा कॅनडार्म-२ हा स्थानकाचा रोबोटिक हात त्याला धरतो, दारापाशी नेऊन टेकवतो, चार लॅच ते आत ओढून घेतात आणि सोळा मोटरचलित बोल्ट आवळले जातात. बोल्ट एका दमात पूर्ण आवळत नाहीत. आधी थोडा प्रीलोड (आवळल्याचा ताण), मग पूर्ण, तोही समोरासमोरच्या गटांनी. सिलिंडर हेड बसवणाऱ्याला हे सांगायला नको.

आता जिथे सगळे घसरतात तिथे येऊ. बहुतेकांना वाटतं की फरक हाताचा आहे: हात असला तर बर्थिंग, नसला तर डॉकिंग. हे चूक नाही, पण वरवरचं आहे. खरा फरक यानाचं नियंत्रण कोणत्या क्षणी बंद होतं यात आहे.

डॉकिंगमध्ये येणाऱ्या यानाचे थ्रस्टर स्पर्श होईपर्यंत कामावर असतात. दिशा सांभाळायची, बाजूचा सरक मारायचा, पुढचा वेग राखायचा, हे सगळं शेवटच्या मिलिमीटरपर्यंत चालतं. सेन्सरला स्पर्श कळला की मग नियंत्रण सोडतात, कारण नुकत्याच गुंतलेल्या दोन रिंगा थ्रस्टरने पिळल्या जायला नकोत. स्पेस शटल तर स्थानकाला लागताना स्पर्शानंतरही मुद्दाम थ्रस्टर मारून रिंगा एकमेकींवर दाबायचं, तेव्हा कुठे लॅच पडायचे.

बर्थिंगमध्ये नियंत्रण स्पर्शाच्या आधीच बंद होतं. यान थांबतं, थ्रस्टर गप्प होतात आणि मगच हात पुढे येतो. या अवस्थेचं नाव फ्री ड्रिफ्ट. ट्रक न्यूट्रलला टाकलाय, हँडब्रेकही लावलेला नाही आणि अशा ट्रकवरच्या मालाला क्रेनचा हुक लावायचाय, असं समजा.

हँडब्रेक का नाही? समजा यानाचं नियंत्रण चालूच ठेवलं आणि हाताने त्याला धरलं. धरताना यान थोडं वळतं. यानाचे जायरो (दिशा मोजणारे सेन्सर) म्हणतात, दिशा चुकली. थ्रस्टर फुंकर मारून दुरुस्ती करतात. ती दुरुस्ती लांब, लवचिक हाताला झोका देते. हाताचा कंट्रोलर तो झोका मारायला जातो आणि यान पुन्हा वळतं. एकाच स्लाइडला दोन सर्व्हो ड्राइव्ह लावून दोघांना वेगवेगळा पोझिशन फीडबॅक दिला तर जे होईल तेच इथे होतं: अॅक्सिस हंटिंग, म्हणजे स्लाइडचं न थांबणारं मागे-पुढे होणं, सुरू होते, करंट वाढत जातो आणि सगळ्यात कमजोर सांधा आधी जातो. शिवाय थ्रस्टरचा झोत हाताच्या टोकावर बसतो तो वेगळा. म्हणून एकाने पूर्ण सोडायचं आणि एकानेच धरायचं.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. ‘थांबलं’ म्हणजे शून्य नव्हे. सेकंदाला ५ मिलिमीटरचा उरलेला वेग म्हणजे मिनिटात ३० सेंटीमीटर सरक. हाताच्या टोकाच्या तोंडात यानावरची धरायची खुंटी मध्यापासून साधारण १० सेंटीमीटरच्या आत आली पाहिजे. फ्री ड्रिफ्ट सुरू झाल्यावर आरामात चहा घेत धरू, असं चालत नाही. वेळ हुकली की हात मागे घ्यायचा, यानाचं नियंत्रण पुन्हा चालू करायचं आणि सगळं पहिल्यापासून.

इथेच ‘ड्रिफ्ट’ शब्दाचा दुसरा सापळा आहे. ८ जानेवारी २०२५ ला इस्रोने सांगितलं की उपग्रहांमधलं अंतर २२५ मीटरवर आणताना ड्रिफ्ट अपेक्षेपेक्षा जास्त निघाला म्हणून डॉकिंग पुढे ढकललंय. तिथे ड्रिफ्ट म्हणजे नको असलेली सरक, म्हणजे दोष. बर्थिंगमधला फ्री ड्रिफ्ट ही मुद्दाम दिलेली आज्ञा असते. दोन्हींसाठी ‘भरकटणं’ लिहिणाऱ्याने वाचकाला सरळ उलट्या दिशेला पाठवलं. माझ्या मते पहिल्याला ‘सरक’ म्हणावं आणि दुसऱ्याला फ्री ड्रिफ्टच राहू द्यावं.

वेगाचाही हिशोब करून टाकू, कारण ‘धडक’ हा शब्द फार वापरला जातो. स्पेडेक्सचे दोन उपग्रह प्रत्येकी सुमारे २२० किलोचे आणि जोडणीचा वेग सेकंदाला १० मिलिमीटरच्या आसपास. दोन्ही मोकळे असल्याने हिशोबात धरायचं वस्तुमान एकाच्या निम्मं, ११० किलो. ऊर्जा येते साडेपाच मिलिज्यूल. वीतभर उंचीवरून रुपयाचं नाणं टेबलावर टाकलं तर साधारण तेवढीच. याउलट १२ टनांचं यान सेकंदाला ५ सेंटीमीटरने स्थानकाला लागलं तर सुमारे १५ ज्यूल, म्हणजे दीड किलोचा हातोडा एक मीटरवरून पडावा तेवढे. म्हणूनच आंतरराष्ट्रीय प्रमाणित जोडणीत ८०० मिलिमीटरची रिंग सहा पायांच्या हेक्सापॉडवर, चोवीस मोटरींसह येते. स्पेडेक्सची ४५० मिलिमीटरची रिंग फक्त पुढे-मागे सरकते आणि दोन मोटरींवर भागवते. ती स्वस्तात उरकलेली नक्कल नव्हे, झेलायची ऊर्जाच हजारपटींनी कमी आहे.

हाताचं टोक नेमकं कसं धरतं, ते एकदा नीट बघा. तिथे चिमटा नाही, चुंबक नाही, बोटंही नाहीत. पोकळ सिलिंडरच्या तोंडात पोलादी दोराचे तीन तुकडे असतात. प्रत्येकाचं एक टोक स्थिर रिंगला आणि दुसरं फिरत्या रिंगला. रिंग फिरली की तिन्ही दोर मध्यात सरकतात आणि खुंटीभोवती त्रिकोणी फास आवळला जातो. खुंटीला टोकाशी गाठीसारखा जाड भाग असतो, त्यामुळे फास निसटत नाही. मग बॉलस्क्रूवरची गाडी तो फास मागे ओढते आणि यानावरची ग्रॅपल फिक्स्चरची (खुंटी जिच्यावर बसवलेली असते ती) बैठक हाताच्या टोकाशी घट्ट बसते. फास लागला म्हणजे यान सुटणार नाही एवढंच. बैठक बसेपर्यंत ते डुलू शकतं. ‘पकडलं’ आणि ‘घट्ट केलं’ या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि त्यांना एक समजणं ही माझी सगळ्यात जुनी तक्रार.

बाकी फरक किरकोळ आहेत. बर्थिंगचं दार मोठं, सुमारे १.२७ मीटर, त्यातून उपकरणांची अख्खी रॅक जाते. डॉकिंगच्या ८० सेंटीमीटरच्या गोल बोळातून जात नाही. पण सोळा बोल्ट सोडून क्रेनने उचलेपर्यंत बर्थ झालेलं यान निघू शकत नाही, म्हणून माणसं नेणारी यानं डॉकच करतात. आग लागली तर क्रेन ऑपरेटरची वाट कोण बघणार?

आता तिसरा शब्द: उपग्रह परत आणणं. इथे समोरच्याला डॉकिंगची रिंग नसते आणि बहुधा ग्रॅपलची खुंटीही नसते. जे आहे ते धरायचं. १९८४ च्या एप्रिलमध्ये सोलर मॅक्स उपग्रहाच्या एका पिनवर बसणारं खास अवजार घेऊन शटलमधले अंतराळवीर जॉर्ज नेल्सन तरंगत गेले आणि तीनदा आपटले, पण लॅच पडला नाही. पिनेजवळ उष्णतारोधक आच्छादनाचा एक छोटा ग्रोमेट (कडी) वर आलेला होता आणि तो ड्रॉइंगवर नव्हता. सौर पंखाला हाताने धरून बघितलं तर उपग्रह आणखीच गिरक्या घ्यायला लागला. शेवटी जमिनीवरून आज्ञा देऊन उपग्रहातल्याच चुंबकी टॉर्करने (पृथ्वीच्या चुंबकत्वावर रेटून वळवणाऱ्या कॉइलने) त्याला सावरलं आणि शटलच्या हाताने त्याच्या ग्रॅपल खुंटीवर फास टाकला. त्याला खुंटी होती हे नशीब.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पालापा बी-२ आणि वेस्टार-६ हे दोन दळणवळण उपग्रह शटलने परत आणले. इंजिनच्या नोझलमध्ये भाला घालून आतून फाकवायची युक्ती चालली. पण पालापावर पुढची चौकट बसवताना अँटेनाचा वेव्हगाइड (लहरी नेणारी नळी) आड आला आणि अंतराळवीर जो अॅलन यांनी तो उपग्रह जवळजवळ दीड तास, म्हणजे पृथ्वीभोवतीची एक फेरी, नुसत्या हातांनी धरून ठेवला. इथेच कोणीतरी म्हणतं, ‘वजनच नाही, मग काय कठीण?’ वजन नाही, वस्तुमान आहे. अर्ध्या टनाहून जड वस्तू एकदा फिरायला लागली की ती थांबवायला तेवढाच जोर लागतो, आणि पाय रोवायला जमीन नसते. १९९२ मध्ये चार टनांहून जड इंटेलसॅट या दळणवळण उपग्रहाला दांडा लावायचा प्रयत्न फसला तो यामुळेच. दांड्याच्या हलक्या स्पर्शाने तो डुलायला लागायचा. शेवटी तिघे जण एकाच वेळी बाहेर पडले आणि सावकाश, एकदम, हातांनी त्याला धरलं.

मग एमईव्ही-१, म्हणजे जुन्या उपग्रहाला चिकटून त्याचं आयुष्य वाढवणारं यान, कुठे बसवायचं? २५ फेब्रुवारी २०२० ला ते इंटेलसॅट ९०१ च्या इंजिनच्या नोझलमध्ये स्वतःचा दांडा घालून त्याला चिकटलं. समोर रिंग नव्हती, म्हणून कित्येक जण त्याला ‘पकडणं’ म्हणतात. पण ते स्वतः चालत गेलं, क्रेन कुठेही नव्हती. ते डॉकिंगच, फक्त कपलर एकाच बाजूला.

आणि स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानाचा फोटो टाकताना तारीख बघा. मार्च २०२० पर्यंतचा मालवाहू ड्रॅगन हाताने धरून बसवला जायचा. डिसेंबर २०२० पासूनचा स्वतः डॉक करतो. नाव तेच राहिलं आणि जुना, हातात लटकलेला फोटो नव्या डॉकिंगच्या बातमीवर अजून फिरतोय.